निंजुत्सू घरी शिकताय? मग शुरिकेन सगळ्यात शेवटी हातात घ्या

दर उन्हाळ्याच्या सुट्टीत हेच होतं. कुणीतरी ऑनलाइन शुरिकेन (निंजांची फेकायची धातूची चांदणी) मागवतं, काळा मुखवटा शिवून घेतं, दोन दिवस गच्चीच्या दाराला भोकं पाडतं, तिसऱ्या दिवशी व्हिडिओ बघून टाकीवरून उडी मारतं. चौथ्या दिवशी मला फोन येतो, "घोटा सुजलाय, बर्फ लावू की शेकू?" (बर्फ. पाय टेकवत नसेल तर आधी एक्स-रे.)

उडी मारली म्हणून घोटा सुजला, हे अर्धंच खरं. खरी गडबड क्रमाची आहे. निंजुत्सू, म्हणजे जपानी निंजांची विद्या, ही मारामारीची कला आहे असं धरून लोक उलट्या टोकाकडून सुरुवात करतात. जपानमधल्या इगा आणि कोका भागातल्या ज्या माणसांना त्या काळी 'शिनोबी' (आजचा शब्द निंजा) म्हणत, त्यांचं काम होतं बातमी काढणं आणि ती घेऊन जिवंत परत येणं. तलवार उपसायची वेळ आली म्हणजे काम बिनसलं. १६७६ मध्ये लिहिलेल्या 'बान्सेनशूकाई' या शिनोबींच्या मोठ्या ग्रंथातही भिंती चढण्याच्या हत्यारांआधी 'सेइशिन', म्हणजे मन सरळ ठेवणं, हा विषय येतो.

सगळंच आज शिकण्यासारखं नाही, हेही आधीच सांगतो. कोका परंपरेचे जिनिची कावाकामी यांनी आपला वारस नेमायचा नाही असं ठरवलं, कारण विषाची कृती पाठ असली तरी ती आज वापरून बघता येत नाही. मला हे प्रामाणिक वाटतं. तेव्हा खालच्या आठ टप्प्यांत विष नाही, कुलपं उघडणं नाही, भिंती चढणं नाही. पडणं, चालणं, श्वास, बघणं, लक्षात ठेवणं, माणूस ओळखणं आणि निसटणं आहे. फेकणं शेवटी. क्रम बदलू नका.

## सुरुवात करण्याआधीची तयारी

जागा. साधारण दोन मीटर रुंद, तीन मीटर लांब मोकळी जागा आणि कुस्तीची किंवा जिमची मॅट. मॅट नसेल तर दोन जुन्या सतरंज्यांखाली पातळ गादी. जाड, मऊ गादी नको, तिच्यात मान रुतते. गच्चीची फरशी अजिबात नको. मी सुरुवात फरशीवर केली होती आणि त्याची आठवण डाव्या खांद्यात अजून थंडीच्या दिवसांत जागी होते.

शरीर. मानेचा किंवा कमरेचा मणका दुखावलेला असेल, चक्कर येत असेल, रक्तदाब आवाक्यात नसेल, हाडं ठिसूळ झाली असतील किंवा गरोदर असाल, तर टप्पा १ सोडून द्या. डॉक्टरांनी चालण्याला हरकत घेतली नसेल तर टप्पा २ पासून पुढचं बहुतेक सगळं जमेल.

कपडे. सैल पायजमा आणि जुना टी-शर्ट. काळा पोशाख विकत घेऊ नका. तो रंगभूमीवरून लोकांच्या डोक्यात बसला. खरा शिनोबी ज्या गावात जाई, त्या गावच्या माणसासारखा दिसे. आज पुण्याच्या पेठेत कुणाच्या नजरेत भरायचं नसेल, तर फिकट शर्ट आणि पाठीवर सॅक, एवढं पुष्कळ झालं.

वेळ आणि वही. आठवड्यातून चार दिवस, २५ मिनिटं. रविवारी सलग तीन तास केलेलं अंगात मुरत नाही, फक्त अंग दुखतं. एक शंभर पानी वही ठेवा. टप्पा ४ आणि ५ वहीशिवाय होत नाहीत.

गुरू. जवळ चांगला वर्ग असेल तर नक्की जा. मात्र आमची परंपरा नऊशे वर्षं अखंड चालत आली, असं कुणी पहिल्याच दिवशी सांगू लागलं, तर ऐकून घ्या आणि नजर मॅटवर ठेवा. अशा बऱ्याच वंशावळींवर इतिहासाचे अभ्यासक शंका घेतात. नवीन मुलाला पहिल्या महिन्यात काय शिकवतात, ते बघा. पडायला शिकवत असतील तर थांबा. पट्टे आणि प्रमाणपत्रांचे दर आधी सांगत असतील तर चपला घाला.

> इशारा. हा सराव घरात किंवा मैदानावर, उजेडात, चेहरा उघडा ठेवून करायचा. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम १२२ नुसार सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत कुणी गुन्हा करण्याच्या इराद्याने चेहरा झाकून किंवा वेष पालटून आढळला, तर तो गुन्हा ठरतो. 'साहेब, मी निंजुत्सू शिकतोय' हे पोलिसांना पटतं का, याचा प्रयोग कृपया करू नका.

## टप्पा १: पडायला शिका (उकेमी) – चार आठवडे

इथे सगळ्यात जास्त लोक चुकतात आणि त्याचं कारण आपली शाळा आहे. पीटीच्या तासाला शिकवलेली कोलांटी सरळ असते. डोकं टेकवायचं आणि मणक्यावरून गोल फिरायचं. मऊ गादीवर ती चालून जाते. रस्त्यावर तशी कोलांटी मारली तर मणक्याचा एकेक मणी डांबर मोजत जातो. उकेमीतली लोळण तिरकी असते. एका खांद्यावरून शिरायचं आणि विरुद्ध कमरेवरून बाहेर पडायचं. डोकं जमिनीला लागतच नाही.

पहिला आठवडा: फक्त पाळणा. मॅटवर बसा, गुडघे पोटाशी, हनुवटी छातीला. मागे झुला आणि परत या. चार दिवस एवढंच. मग झुलताना किंचित उजवीकडे कला, म्हणजे पाठीचा उजवा खांदा टेकेल. नंतर डावीकडे. हनुवटी छातीपासून सुटली तर डोकं आपटतं, म्हणून हनुवटी आणि छाती यांच्यामध्ये दुमडलेला रुमाल धरा. रुमाल पडला की तो झोका धरायचा नाही.

दुसरा आठवडा: मागे आणि बाजूला पडणं. उभ्याने नाही, उकिडवं बसून. बूड टाचेच्या शक्य तितकं जवळ टेकवा आणि मग तिरकं लोळा. हात मागे टेकवायचा नाही. माणूस घसरला की हात आपोआप मागे जातो आणि सगळं वजन मनगटावर येतं. दोन्ही हात पोटाशी ठेवून पडायची सवय लागेपर्यंत पुढे जाऊ नका.

तिसरा आणि चौथा आठवडा: पुढची लोळण.

1. डावा गुडघा टेकवा, उजवं पाऊल पुढे.
2. उजवा तळहात पायांच्या मध्ये टेकवा, बोटं आतल्या बाजूला वळलेली. हात कोपरात किंचित वाकलेला, गाडीच्या चाकाच्या कडेसारखा गोल.
3. मान डावीकडे वळवा आणि डाव्या काखेतून मागे बघा. हे विसरलात तर डोकं टेकतं.
4. मागच्या पायाने हलकं ढकला. अंग टेकण्याचा क्रम असा: हाताची बाहेरची कड, खांद्याची मागची बाजू, तिरकी पाठ, डावी कंबर.
5. थांबू नका. त्याच वेगात एका गुडघ्यावर या आणि समोर बघा.

आधी दहा उजवीकडून, मग दहा डावीकडून. ज्या बाजूने जमत नाही तिकडून दोन जास्त.

> तपासणी. काळा किंवा निळा जुना टी-शर्ट घाला, मॅटवर चिमूटभर पावडर भुरभुरा आणि दोनदा लोळा. पाठीवर खांद्यापासून विरुद्ध कमरेपर्यंत तिरकी पांढरी रेघ उमटली पाहिजे. रेघ मणक्यावरून सरळ खाली आली असेल, तर तुम्ही अजून शाळेतच आहात. आठवडा मागे जा.

उभ्याने लोळण, धावत लोळण, उडी मारून लोळण हे सगळं समोर शिकवणारा माणूस असल्याशिवाय करू नका. ते न करताही या टप्प्याचा उपयोग पुरेपूर होतो. मागच्या पावसाळ्यात शेवाळलेल्या पायरीवरून मी सपशेल घसरलो. बूड खाली, हनुवटी छातीला, हात पोटाशी. पँट गेली, मनगट शाबूत.

## टप्पा २: चालणं – तीन आठवडे

शिनोबींच्या चालण्याचे बरेच प्रकार आहेत. आपण दोनच घेऊ.

नुकीआशी. 'नुकी' म्हणजे उपसणं. भातलावणीत चिखलातून पाय उपसतात ना, अगदी तसा पाय सरळ वर घ्यायचा. कोकणातल्या किंवा मावळातल्या वाचकाला याहून जास्त सांगायला नको.

1. दोन्ही गुडघे थोडे वाकवा. सगळं वजन मागच्या पायावर.
2. पुढचा पाय सरळ वर उपसा, घासत नेऊ नका.
3. करंगळीची बाजू आधी टेकवा, मग पावलाची बाहेरची कड, मग पूर्ण पाऊल.
4. पाऊल टेकलं तरी वजन अजून मागेच. खाली काय आहे ते तळव्याला कळू द्या. पान, काटकी, सैल फरशी असेल तर पाय उचलता आला पाहिजे.
5. आता कुठे वजन पुढे घ्या.

चौथी पायरी हेच सगळं मर्म. घाईत पाऊल आणि वजन एकदमच पडतं आणि तिथेच आवाज होतो.

योकोआरुकी. भिंतीला जवळजवळ पाठ लावून आडवं चालणं, एक पाय दुसऱ्यावरून ओलांडत. अरुंद बोळ, नाट्यगृहातल्या खुर्च्यांची रांग, गच्च भरलेला लोकलचा डबा, सगळीकडे चालतं.

नेहमीच्या चुका: चवड्यांवर चालणं (पोटरीत गोळा येतो आणि तोल जातो), श्वास रोखणं (सोडताना फुस्स होतं), आणि वेग. सुरुवातीला मिनिटाला दहा पावलं. कंटाळा येईल. येऊ द्या.

> तपासणी. जमिनीवर वर्तमानपत्राची पानं अंथरा, घरातल्या कुणाला तरी डोळे मिटून खुर्चीत बसवा. कागद वाजला की त्यांनी आवाजाच्या दिशेला बोट दाखवायचं. पाच मीटरमध्ये तीनपेक्षा कमी वेळा बोट उठलं की पास. आमच्याकडे हे काम आई करते आणि तिला फसवणं आजवर कुणाला जमलेलं नाही.

> इशारा. चालणं जमायला लागलं की घरातल्यांच्या मागे जाऊन 'भॉ' करायचा मोह होतो. म्हाताऱ्या माणसांशी हा खेळ नको.

## टप्पा ३: श्वास – एक आठवडा, नंतर रोज

हा टप्पा छोटा आहे. 'निजू इबुकी' म्हणजे दुहेरी श्वास, हा प्रकार लांब अंतर चालण्याशी जोडून सांगतात. क्रम असा: घ्या, सोडा, सोडा, घ्या, सोडा, घ्या, घ्या, सोडा. आठ पावलांना आठ भाग, नाकाने. रोज पाच मिनिटं चालताना करा. मोजणी चुकली की पहिल्यापासून. मन भरकटलं हे मोजणीच दाखवून देते, म्हणून मला हा प्रकार आवडतो. डोकं हलकं वाटलं तर लगेच नेहमीचा श्वास घ्या.

हातांच्या नऊ मुद्रा आणि 'रिन्, प्यो, तो, शा...' ही नऊ अक्षरं, म्हणजे 'कुजी', यांबद्दल हमखास विचारणा होते. त्या मुद्रा बौद्ध तंत्रमार्गातून तिथे पोचल्या. शिनोबी आणि सामुराई ज्या मारिशितेन देवतेची उपासना करत, ती मूळची भारतातली मारीची. हे वाचायला फार छान आहे. पण मुद्रा केल्याने माणूस अदृश्य होत नाही, आणि सरावाला बसण्याआधी मन जागेवर आणायला आपल्याकडे मुद्रा कमी आहेत असंही नाही.

## टप्पा ४: बघणं – तीन आठवडे

कुठल्याही जागी शिरलात की तीन गोष्टी, याच क्रमाने बघा.

1. वाटा. आत आलो तो दरवाजा सोडून बाहेर जायच्या किती वाटा आहेत? त्यातली कुलूपबंद कुठली? मंगल कार्यालयात स्वयंपाकघराच्या मागे एक दार असतंच असतं.
2. माणसं. कोण कुणाकडे बघतंय? कुणाचे हात दिसत नाहीत?
3. वस्तू. अग्निशामक सिलिंडर, विजेचा मुख्य स्विच, पाण्याचा नळ.

बहुतेक लोक उलटं करतात. आधी झुंबर, मग ओळखीचे चेहरे, आणि दार निघताना. क्रम पाठ झाला की सगळं बघायला वीस सेकंदं लागतात आणि शेजारच्या माणसाला पत्ताही लागत नाही. टकमक बघायचं नाही. बोलता बोलता, बूट काढता काढता बघायचं.

अंधारातलं बघणं. डोळे अंधाराला पुरते सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि मोबाइलच्या पडद्याकडे एकदा बघितलं की बरीचशी कमाई वाया जाते. रात्री दिवे गेले की लगेच टॉर्च लावू नका. एक डोळा मिटून ठेवा, म्हणजे तो तरी सरावलेला राहील. अंधारातली वस्तू नीट बघायची तर तिच्याकडे थेट न बघता किंचित बाजूला बघा. बुबुळाच्या मागे पडद्याचा जो मध्यभाग असतो, तो उजेडात तेज आणि अंधारात जवळपास आंधळा असतो. ट्रेकला गेलात तर पहिल्याच रात्री करून बघा. बाजूला बघितलं की पायवाट दिसते, सरळ बघितलं की नाहीशी होते.

> तपासणी. आज ज्या दुकानात गेलात तिथून बाहेर आल्यावर वहीत लिहा: दारं किती, काउंटरमागे माणसं किती, कॅमेरा कुठे. उद्या जाऊन पडताळा. आठवड्यात पाच दुकानं.

## टप्पा ५: लक्षात ठेवणं – तीन आठवडे

शिनोबीच्या सहा वस्तूंच्या सामानात दगडी पेन्सिल असे. दुकानांची वही आता तुमच्याकडे आहेच. पण पेन्सिल नेहमी हाताशी नसते, म्हणून आकडे लक्षात ठेवण्यासाठी ते शरीराच्या अवयवांना जोडायची युक्ती सांगतात. मी वापरतो ती यादी अशी: १ डोकं, २ कपाळ, ३ डोळे, ४ नाक, ५ तोंड, ६ गळा, ७ छाती, ८ पोट, ९ बेंबी, ० तळपाय.

समजा, समोरच्याला ठोकून पळालेल्या गाडीचा नंबर ४७२१. नाक छातीत रुतलं, कपाळावर हात मारला, डोकं फिरलं. चित्र जितकं वेडगळ, तितकं पक्कं. अवयवांचा क्रम मधेच बदलू नका. दोन याद्या एकमेकींत मिसळल्या की दोन्ही जातात.

दुसरा सराव नकाशाचा. आपल्या इमारतीचा नकाशा कागदावर आठवून काढा. जिना, लिफ्ट, मीटरची खोली, गच्चीच्या दाराची किल्ली कुणाकडे, पंपाचा स्विच कुठे. मग प्रत्यक्ष फिरून बघा. दहा वर्षं राहणाऱ्या माणसाच्याही नकाशात पहिल्या खेपेला निदान दोन चुका असतात. दुरुस्त केलेला नकाशा फ्रिजला चिकटवा.

## टप्पा ६: माणूस ओळखणं – कायमचं

सगळी कला मोडीत निघाली असं समजलं तरी हा टप्पा आज आधीपेक्षाही कामाचा आहे, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

शिनोबीच्या कामाचे दोन भाग. 'इन्निन' म्हणजे लपून शिरणं आणि 'योनिन' म्हणजे वेष पालटून, गोड बोलून, उजळ माथ्याने शिरणं. वेषांची सात जणांची जुनी यादी आहे. त्यात भिक्षू, डोंगरात राहणारा तपस्वी, व्यापारी, खेळ करून दाखवणारा असे लोक येतात. सातवा वेष कुठला? साधा माणूस. दारात कुणीही आला तरी हटकला जाणार नाही, असा.

आज हे वेष फोनवर येतात. कुरिअरवाला, बँकवाला, वीज कंपनीवाला, आणि व्हिडिओ कॉलवर गणवेष घालून बसलेला 'पोलीस अधिकारी'. आपण योनिन करायचं नाही. दुसरा करतोय हे ओळखायचं. त्यासाठी शिनोबींचंच माप आहे: 'गोशा', पाच गाडे. माणसाचं मन पळवून न्यायचं तर या पाचांतल्या एका गाड्यात बसवावं लागतं.

- किशा, खुशीचा गाडा. स्तुती. "सर, तुमच्यासारख्या निवडक ग्राहकांसाठीच..."
- दोशा, रागाचा गाडा. चिडवणं. "तुम्हाला कायदा कळतो का?" रागावलेला माणूस स्वतःला सिद्ध करायला माहिती देतो.
- आइशा, दयेचा गाडा. "काका, चुकून तुमच्या नंबरवर पैसे आले, आई दवाखान्यात आहे, परत करा ना."
- राकुशा, हव्यासाचा गाडा. दुसऱ्याचं सुख दाखवणं. गुंतवणुकीच्या ग्रुपात रोज कुणाचा तरी नफा झळकतो.
- क्योशा, भीतीचा गाडा. "आज रात्री ९.३० ला वीज तोडली जाईल." "तुमच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडलेत."

पायऱ्या अशा:

1. अनोळखी फोनवर छातीत काहीही हललं, अगदी आनंदानेसुद्धा, तर मनात गाड्याचं नाव घ्या. 'क्योशा.' नाव घेतलं की पाय गाड्याबाहेर येतो.
2. फोन ठेवा. सबब सांगायची गरज नाही. "दार वाजलं" एवढं म्हणायचं.
3. ज्याच्या नावाने फोन आला त्याचा नंबर स्वतः शोधा, पासबुकावरून, बिलावरून. समोरच्याने दिलेल्या नंबरावर फोन करू नका.
4. घरातल्या एका माणसाला सांगा. 'कुणाला सांगू नका' हे शब्द ऐकले, तर ही पायरी सगळ्यात आधी.
5. पैसे गेले असतील तर लाज बाजूला ठेवून ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा.

'डिजिटल अरेस्ट' नावाचा प्रकार आपल्या कायद्यात नाही. व्हिडिओ कॉलवर कुणालाही अटक होत नाही. हे वाक्य घरातल्या सत्तरीच्या माणसांना मी दर महिन्याला ऐकवतो, आणि ते दर महिन्याला "माहितीये रे" म्हणतात.

परवलीचा शब्द. शत्रूचा माणूस गर्दीत मिसळला असेल तर तो निवडून काढायला जुन्या जपानी सैन्यात खुणेचा शब्द असे. तो उच्चारला की सगळ्यांनी एकदम उठायचं किंवा बसायचं, आणि जो गोंधळला तो परका. घरात असा एक शब्द ठरवा. मुलाच्या किंवा नातेवाइकाच्या आवाजात पैसे मागणारा फोन आला की तो विचारा. वाढदिवस, कुत्र्याचं नाव, गावाचं नाव नको, ती सगळी फेसबुकावर आहेत. आजीच्या हातची न आवडणारी भाजी चालेल.

> तपासणी. एका रविवारी जेवताना घरातल्या प्रत्येकाने आपल्याला आलेला एक फसवा फोन किंवा मेसेज सांगायचा. बाकीच्यांनी गाडा ओळखायचा. काही मेसेज दोन गाडे एकत्र जुंपतात. ते ओळखू येऊ लागले की टप्पा पक्का झाला.

## टप्पा ७: निसटणं – दोन आठवडे

निसटण्याच्या पद्धतींना पाच महाभूतांसारखी पाच नावं आहेत: लाकूड, अग्नी, पृथ्वी, धातू, पाणी. नावांवरून जादू वाटते, पण सार एवढंच की जिथे आहात तिथलं जे हाताशी आहे ते वापरून, न लढता, बाहेर पडायचं. आपल्यासाठी 'जे हाताशी आहे' ते म्हणजे बहुतेकदा गर्दी.

२९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरीत २३ जण गेले. अशा गर्दीत ताकदीचा उपयोग नसतो. सवयीचा असतो, आणि ती आधीच लावून घ्यावी लागते.

1. गर्दी दाटतेय असं वाटताच निघा, घुसमटू लागल्यावर नाही. चारही बाजूंनी अंगं टेकू लागली, हा शेवटचा इशारा समजा.
2. दोन्ही हात मुठी बांधून छातीसमोर, कोपरं किंचित बाहेर. श्वासाला जागा राहिली पाहिजे.
3. लाटेच्या विरुद्ध ढकलू नका. धक्का थांबतो त्या क्षणी तिरकं सरका, कडेकडे. टप्पा २ मधलं आडवं चालणं इथे लागतं.
4. भिंत, रेलिंग, खांब यांना चिकटून राहू नका. दाब तिथेच वाढतो.
5. चप्पल, मोबाइल, काहीही पडलं तरी वाकू नका.
6. पडलातच तर कुशीवर वळा, गुडघे पोटाशी, हात डोक्यावर. जमेल तितक्या लवकर उठा.

घरी दोन उशा छातीला धरून, तीन-चार जणांनी हलका धक्का देत हा सराव करता येतो. मुलांना यात मजा येते.

दगडी पेन्सिलखेरीज शिनोबीच्या सामानात विणलेली टोपी, आकड्याचा दोर, औषधं, विस्तव नेण्याची नळी आणि सुमारे ९० सेंटिमीटरचं सुती कापड असे. त्या कापडाला मी आपला पंचाच म्हणतो. पाणी गाळायला, जखम बांधायला, धुरात ओलं करून नाकावर धरायला, सगळ्याला तोच. सॅकमध्ये पंचा, छोटी टॉर्च, रोजची औषधं, शिट्टी आणि महत्त्वाचे नंबर लिहिलेला कागद ठेवा. आकड्याचा दोर घरीच राहू द्या.

## टप्पा ८: आता शुरिकेन

इथवर यायला साधारण चार-पाच महिने लागतात. इथपर्यंत पोचलेल्या निम्म्या लोकांना शुरिकेनचा ध्यास राहिलेला नसतो. तुम्हाला असेल तर घ्या.

टोकदार चांदणीपेक्षा बोथट, जाड, सराव करण्याचं शुरिकेन निवडा आणि ते बाळगण्याबाबत शस्त्र कायद्यातले नियम आधी जाणून घ्या. सराव बंदिस्त, खासगी जागेत. सॅकमध्ये किंवा गाडीच्या डिकीत टाकून हिंडू नका.

1. निशाण म्हणून खोक्यांच्या पुठ्ठ्यांची अर्धा फूट जाड चळत करा. लाकडी फळीवरून शुरिकेन उसळून परत येतं.
2. मागे भिंत, भिंतीवर जुनी सतरंजी. फेकणाऱ्याच्या पुढे माणूस नाही, मांजर नाही, खिडकी नाही.
3. डोळ्यांवर गॉगल. बारा वर्षांखालच्या मुलांना हात लावू देऊ नका.
4. अंतर तीन मीटर. मनगटाला झटका न देता हात निशाणाकडे सोडायचा, पत्ता वाटल्यासारखा.
5. पाच फेका, मग सगळ्यांनी थांबायचं, मग एकानेच जाऊन गोळा करायचे.

डबा बंद करण्याआधी मोजा. एक जरी कमी भरलं तरी ते गवतात, सतरंजीखाली किंवा कुंडीत सापडेपर्यंत कुणीही अनवाणी फिरायचं नाही आणि घरी जायचं नाही.